लांब उभं राहणारं माणूस

"काका, ही बाई आजारी दिसते. हिच्याकडे बघून फ्लॅट कोण घेणार?"

मानसी मॅडम खालून ओरडल्या. मी परांचीवर होतो. परांची म्हणजे बांबू बांधून, वर फळ्या टाकून केलेलं मचाण. माझ्या नाकासमोर त्या बाईची हनुवटी होती, दारापेक्षा रुंद. एवढ्या जवळून बाई आजारी की ठणठणीत, ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

"फोटोत आहे तीच काढलीय," मी म्हणालो.

"मग खाली या आणि स्वतः बघा."

उतरलो. रस्त्यापर्यंत चालत गेलो आणि मागं वळलो. थंडीचे दिवस. चारलाच उजेड मळका झाला होता. भिंतीवर दोन मजले उंच माझी बायको होती. शेवटच्या आजारातली. डोळ्यांखाली सूज, ओठ सुकलेले. आणि हसायला बघत होती.

कमल त्याच वर्षी पावसाळ्यात गेली होती. किडनीनं.

आता, इतक्या वर्षांनी, मागच्या महिन्यात दिल्लीत पहाडगंजच्या मराठी शाळेच्या हॉलमध्ये माझ्या नव्या चित्रांचं प्रदर्शन लागलं होतं. चित्रांत माणसं पुष्कळ आहेत, पण सगळी लांब उभी. चेहरा कुणालाच नाही. येईल तो विचारायचा, "काका, जन्मभर चेहरे काढलेत, आता चेहरे कुठं गेले?" तोंडानं सांगायला गेलं की लोक घड्याळ बघतात. म्हणून लिहून काढतोय. त्याच शाळेत मी सातवीपर्यंत शिकलो, तेवढ्यात जमेल तसं लिहिलंय.

आधी धंद्याचं सांगतो. मी बोर्ड पेंटर. वडील सरकारी ऑफिसात ड्रायव्हर म्हणून दिल्लीला आले, लक्ष्मीबाई नगरात क्वार्टर मिळालं. मी शाळा सोडून एका पेंटरच्या दुकानात बसलो. साबण, चहा, साड्या, दातांची पावडर, सगळ्यांच्या पाट्या हातानं काढल्या. मोठा चेहरा असा काढतात: छोट्या फोटोवर रेघा मारून चौकोन पाडायचे. भिंतीवर तेवढेच चौकोन मोठे पाडायचे. मग या चौकोनात जे आहे ते त्या चौकोनात उतरवायचं. याला आम्ही ग्राफ म्हणतो. ग्राफनं नाक नाकाच्या जागी येतं. पण चेहरा येईलच असं नाही. परांचीवरच्या माणसाला एका वेळी अर्धा गाल दिसतो. पूर्ण चेहरा बघायला लांब उभं राहणारं माणूस लागतं.

माझं ते माणूस कमल. लग्न झाल्यापासून. जेवणाचा डबा घेऊन यायची आणि लांब जाऊन उभी राहायची. आवाज पोचत नाही, म्हणून खुणा ठरल्या होत्या. आधी स्वतःच्या तोंडावर जागा दाखवायची, डोळा, ओठ, काय असेल ते. मग हात वर केला तर वर घे. दोन्ही हात खाली दाबले तर रंग गडद कर. पदर हलवला तर पूस. आणि सगळं बरोबर झालं की ती खाली बसायची. जिथं असेल तिथं, फतकल मारून. ती बसली की चेहरा झाला. मग मी उतरायचो.

जीभ तिखट होती. "अहो, त्या साबणवालीचा डावा डोळा आग्र्याला निघालाय, थांबवा त्याला." असलं बोलायची. साबणवालीही तीच असायची म्हणा. मॉडेल आणायला कोण पैसे देतो? घरात होती तिला बसवायचो. हाताला तिचीच सवय लागली.

आता त्या कामाबद्दल. गुडगाव तेव्हा गुडगाव नव्हतं. मोहरीची शेतं, मधून एक नवा रस्ता, आणि जागोजागी बिल्डरांचे झेंडे. परदेशी कंपन्या येणार, टॉवर होणार, असं सगळे बोलत. टॉवर एकही नव्हता. बत्रासाहेब म्हणून एक बिल्डर होते. त्यांनी जमिनीवर फक्त दोन मजल्यांचं सॅम्पल घर बांधलं होतं. सॅम्पल घर म्हणजे गिऱ्हाइकाला दाखवायचा फ्लॅट. नळ आहे, पाणी नाही. त्या घराची एक अख्खी भिंत कोरी होती. तिच्यावर सुखी घरातली बाई काढायची होती, हसणारी. रविवारी हवन आणि लाँच. आत हॉलमध्ये माझी छोटी चित्रंही टांगायची, हे बत्रासाहेबांच्या मिसेसचं म्हणणं. त्यांना आर्टची आवड. माझ्या जन्मातलं ते पहिलं प्रदर्शन.

मानसी मॅडम त्यांच्या मार्केटिंगला. पुण्याची पोर, दिल्लीत नवीन. मराठी बोलणारा पेंटर म्हणून तिनंच मला हे काम दिलं होतं.

पहिल्या दिवशी मी भिंतीसमोरच्या शेतात चालत गेलो आणि जागा शोधली. लांब एक कीकर होता. कीकर म्हणजे आपली बाभूळ. त्याच्या बुडाशी उभं राहिलं की भिंत बरोबर डोळ्यांत मावत होती. कमल असती तर इथंच उभी राहिली असती, असं मनात आलं. चौकीदार रामफलला तिथं उभं करून बघितलं. तो प्रत्येक वेळी एकच बोलायचा, "बहुत बढ़िया है, ताऊ।" नाक नव्हतं तेव्हाही बहुत बढ़ियाच. त्याचा नाद सोडला.

फोटोवर ग्राफ तर टाकला होताच. फोटोतली बाई मुंबईची मॉडेल, गोल तोंड, गालावर खळी. चौकोन मोजून मोजून उतरवली. आणि रस्त्यावरून बघतो तर भिंतीवर कमल.

"कोण आहे ही, काका?" मानसी मॅडमनं हळूच विचारलं.

"माझी बायको."

 कमल गेल्याचं तिला माहीत होतं.

"मुद्दाम काढलीत?"

"मुद्दाम काढली असती तर चांगली काढली असती. आजारी कशाला काढू?"

तिनं फोटो माझ्या हातात ठेवला. "बत्रा सर सकाळी बघून गेले. म्हणाले, पांढरा मारून टाका. ओखल्याहून मशीनवर छापलेला कपडा आणतायत. शनिवारी दुपारी लावायला माणसं येतील." मग म्हणाली, "तोवर जमलं तर बघा ना, काका. मी त्यांना थांबवते. प्लीज."

"पांढरा मारायचा तर मी मारीन. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही."

"तसं सांगते."

ती गेली. मीही शेवटच्या बसनं घरी गेलो.

मशीनचा कपडा म्हणजे फ्लेक्स. तेव्हा नवीन होता. तो एकदा भिंतीवर चढला की आमचा धंदा उतरणार, हे शेंबडं पोरही सांगत होतं. पण त्या रात्री मला धंद्याची काळजी नव्हती. ती बाई पुसायची होती मला. चितेला अग्नी देणं जमलं होतं. माणसं होती, भटजी होते, सांगतील ते केलं. इथं कोण सांगणार? आणि घरात तिचा धड फोटो नाही. लग्नातला आहे, त्यात मुंडावळ्या आणि खाली घातलेली मान. चेहरा होता तो फक्त माझ्या हातात.

शुक्रवारी सकाळी दिल्लीपासून गुडगावपर्यंत धुकं. दिल्लीचं धुकं ज्यानं बघितलं नाही त्याला सांगून कळायचं नाही. बस चालते आणि कंडक्टर खाली उतरून पुढं चालतो. साइटवर पोचलो तर सॅम्पल घर हात लागेपर्यंत दिसलं नाही. काम बंद. रामफल कोठरीत शेगडीपाशी. मी मागच्या जिन्यानं गच्चीवर गेलो आणि गच्चीवरून परांचीवर उतरलो. रोजचा रस्ता तोच. भिंतीसमोरच्या शेतात मी पहिल्या दिवसानंतर उतरलोच नव्हतो.

रंग ओला होता. धुक्यात ऑइल पेंट सुकत नाही, चिकट राहतो. रॉकेलचं फडकं फिरवलं की निघतो. म्हणजे पुसायला दिवस चांगला होता. फडकं भिजवलं. डाव्या डोळ्यासमोर फळीवर बसलो. डोळा माझ्या पसरलेल्या हातांएवढा. ओलाव्यानं रंग ओघळत होता, बुबुळाच्या खालून. बसून राहिलो. फडकं सुकलं. पुन्हा भिजवलं. पुन्हा सुकलं.

केव्हातरी धुकं पातळ झालं. पाठीमागून कुणीतरी बघतंय असं वाटलं म्हणून वळलो. समोर कीकर दिसला. काळा, ओल्या कागदावर शाई उतरावी तसा. आणि त्याच्या बुडाशी बाई उभी.

मला वाटलं लेबरमधली कुणी असेल. मी हात केला. तिनं हात केला नाही. तिनं स्वतःच्या डोळ्याखाली बोट लावलं. मग पदर हलवला.

पूस.

मी परांचीचा बांबू धरला.  धुकं पुन्हा दाटलं, झाड गेलं, बाई गेली. मी स्वतःला म्हटलं, म्हातारा झालास, रात्रभर झोपला नाहीस. पण हात आपोआप फडक्याकडे गेला. डोळ्याखालची सूज पुसली. फोटो बघून तिथं साधा गाल भरला.

धुकं पुन्हा विरलं. ती तिथंच. आता ओठाला बोट. पदर.

ओठ पुसला.

असंच चाललं. दिसायची तेव्हा जागा दाखवायची, धुक्यात दिसेनाशी झाली की मी काम करायचो. भुवई वर. गळ्याची सावली गडद. खुणा सगळ्या बरोबर. जास्तीची एक नाही, कमी एक नाही. त्या खुणा ठाऊक असलेली माणसं जगात दोन होती.

दुपारनंतर माझ्या ध्यानात आलं, ती काय करतेय ते. मला वाटत होतं, आजार पुसतेय. आजार गेला की खालची चांगली कमल राहील. ती तर सगळीच पुसायला सांगत होती. नाकाचा बाक. कपाळावरची लहानपणची खूण. हनुवटी. एकेक करून स्वतःला काढून टाकत होती आणि त्या मुंबईच्या पोरीला जागा करून देत होती.

मी ओरडलो. "काय पुसू? तुलाच पुसू? घरात फोटो नाही, काही नाही. मग मी बघायचं कुणाकडं?"

तिनं हनुवटीला हात लावला आणि पदर हलवला.

"नाही पुसत, जा!"

पदर हलतच राहिला. रागावली की ती बोलायची नाही, तीच तीच खूण करत राहायची. साबणवालीच्या वेळीही तसंच.

त्या दिवशी हनुवटी पुसली नाही. तशीच ठेवून घरी आलो.

शनिवारी पुन्हा धुकं. मी परांचीवर उतरलो तेव्हा मागं बघायचं नाही असं ठरवलं होतं. हनुवटीसमोर बसलो. बाकी चेहरा परका झाला होता, एवढा एक तुकडा तिचा. खालच्या ओठाखाली छोटा खड्डा होता, पोळी लाटताना तिथं पीठ लागायचं. तो खड्डा हातानं चाचपला. बोटांना रंग लागला.

शेवटी वळून बघितलं.

ती उभी होती. खूण करत नव्हती. नुसती उभी, हात खाली सोडून. डबा घेऊन आल्यावर मी उतरायची वाट बघत उभी राहायची, तशी. तिचे पाय दुखायचे. शेवटी शेवटी तर सुजायचे. मला एकदम वाटलं, हिला काल सकाळपासून उभी करून ठेवलीय मी.

फडकं भिजवलं आणि हनुवटी पुसली. एकाच हातात. फोटोतली गोल हनुवटी काढली. खळीला उजेड दिला. ब्रश रॉकेलमध्ये टाकला आणि वळलो.

ती हळूच खाली बसली. एक हात जमिनीला टेकून, मग फतकल मारून. पदर मांडीवर घेतला.

मी बघत राहिलो. धुकं आलं, त्यात ती बुडाली.

बाराच्या सुमाराला ऊन पडलं. धुकं उठलं, कुणी चादर ओढावी तसं. मी समोर बघितलं.

कीकर नव्हता. कीकराची जागाच नव्हती. तिथं खड्डा होता. बेसमेंटचा, विहिरीसारखा खोल, कडा सरळ कापलेल्या. तळाला पाणी साठलेलं. एका कडेला मातीच्या ढिगावर कीकर पडला होता, मुळं आकाशाकडे.

खाली आलो.  रामफल ऊन खात बिडी ओढत होता.

"यह पेड़ कब गिराया?"

"गुरुवार की शाम, ताऊ। आप बस पकड़ने गए, उसके बाद। रात भर खुदाई की मशीन चली।"

"और कल? आज? वहाँ कोई औरत खड़ी थी?"

"कहाँ?"

मी बोट दाखवलं. त्यानं खड्ड्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"वहाँ कोई कैसे खड़ा होगा, ताऊ? हवा में?"

"लेबर में से कोई?"

"लेबर की तो छुट्टी है दो दिन से। धुंध में कौन मरने आएगा?" त्यानं बिडी विझवली. "आप ही कल किसी को डाँट रहे थे ऊपर से। मैं समझा मुझे। मैंने नीचे से बोला भी, क्या हुआ ताऊ? आपने सुना ही नहीं।"

मी खड्ड्याच्या काठापर्यंत गेलो. ती बसली होती ती जागा नजरेनं धरली. खड्ड्याच्या बरोबर मधोमध, जमिनीच्या सरळ रेषेत. तिथं काहीच नव्हतं. एक टिटवी ओरडत आरपार गेली.

गाडी थांबली. मानसी मॅडम उतरल्या, मागं छापलेल्या कपड्याची गुंडाळी घेऊन टेम्पो. त्यांनी भिंत बघितली आणि तोंडावर हात ठेवला.

"काका! अगदी तीच! हसतेय!"

"हो."

"कसं केलंत हो दोन दिवसांत? तेही धुक्यात? लांबून बघितलं कुणी?"

"घरचं माणूस होतं."

त्या पोरीनं टेम्पो परत पाठवला.

रविवारी हवन झालं. बत्रासाहेब म्हणाले, "पेंटर जी, यह तो बोल पड़ेगी!" आत हॉलमध्ये माझी चित्रं होती, लोक समोसे खात बघत होते. मिसेसनी विचारलं, या सगळ्या चित्रांत एकच बाई का आहे? मी म्हटलं, मॉडेल परवडत नाही. सगळे हसले. मी मात्र भिंतीशी जाऊन एकेक चित्र बघितलं. कमल होती सगळ्यांत. शुक्रवारी ओरडताना ही चित्रं आठवलीच नव्हती. तेवढंच उरलं होतं, जुनं काढलेलं. चित्रं त्यांना फ्लॅटमध्येच राहू द्यायची होती. मी एकही ठेवू दिलं नाही, सगळी बसमध्ये घालून परत आणली. कंडक्टरनं सामानाचं तिकीट लावलं.

त्या दिवसापासून माझ्या हातातून ती येत नाही. बसून बघितलं, कोळसा घेऊन, पेन्सिल घेऊन. डोळे मिटले की दिसते, कागदावर पेन्सिल टेकवली की दुसरीच कुणीतरी. मुंबईची. पोळीच्या पिठाचा खड्डा तर येतच नाही. बरं वाटलं की वाईट, अजून ठरवता येत नाही. पण त्या आधी रोज पहाटे जाग यायची तेव्हा समोर तिचं सुजलेलं तोंड असायचं. तेही तेव्हापासून गेलं. आता दिसते ती डबा घेऊन आलेली, चांगली, तिखट बोलणारी.

धंद्याचं म्हणाल तर तो पुढच्या वर्षी फ्लेक्सनं खाल्लाच. माझी भिंतही टॉवर झाल्यावर पाडली. खड्ड्यात आता गाड्या उभ्या असतात, वर लॉन आहे. मी एकदा गेलो होतो. गार्डनं आत सोडलं नाही.

म्हणून माझ्या नव्या चित्रांत चेहरे नाहीत. शेत आहे, धुकं आहे, लांब कुणीतरी उभं आहे. काही चित्रांत बसलंय. बसलेली चित्रं पुरी झालेली समजा. उभी आहेत त्यांचं काम अजून चालू आहे.

नव्या पेंटरांना एकच सांगतो. मोठा चेहरा काढताना स्वतःच्या डोळ्यांवर जाऊ नका. लांब कुणाला तरी उभं करा आणि त्याचं ऐका. जिवंत असेल तर उत्तम. नसेल तरी चालतं.